तिथीची पाऊणपट

निघायच्या तीन आठवडे आधी मी एक्सेलची शीट घेऊन बसले. दिवस, कुठून, कुठे, किलोमीटर, तास, मुक्काम, जेवण असे रकाने पाडले आणि त्यांना वेगवेगळे रंगही दिले. बेत साधा होता. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची, मांडव्याला उतरायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवत कोकण किनाऱ्याने खाली गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत जायचं. सात दिवस, सहा मुक्काम. गाडीत आम्ही चौघं: नवरा, सातवीतला मुलगा, मी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. शीट त्यांना दाखवली तर चष्मा न लावताच म्हणाल्या, "छान आहे. मला खिडकीची जागा दे."

नकाशावर रेवस ते रेडी हा सागरी मार्ग एक सलग रेघ दिसतो. प्रत्यक्षात ही रेघ दर तीस-चाळीस किलोमीटरवर एखाद्या खाडीपाशी येऊन थांबते. काही खाड्यांवर पूल आहेत, काहींवर अजून फेरीबोटीच आहेत. आमच्या वाटेवर पाच बोटी होत्या: भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, धोपाव्याला जाणारी दाभोळची आणि तवसाळहून जयगडला जाणारी. बोट चुकली तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून बोटींच्या वेळा मी शीटमध्ये लाल अक्षरात लिहिल्या होत्या. बाकी सगळा हिशोब किलोमीटरचा. ताशी तीसच्या वर सरासरी धरायची नाही आणि दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, हे दोन नियम मी सुरुवातीलाच केले होते आणि ते शेवटपर्यंत योग्य ठरले. चुकलं ते वेगळंच.

पहिला दिवस: भाऊचा धक्का ते मुरूड

रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली तेव्हापासून अलिबागला जायचा शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता आमच्यापुरता बाद झालाय. तासाभरात माणसं गाडीसकट मांडव्याला. मुलगा वरच्या डेकवर पळाला, नवरा चहाच्या रांगेत गेला. सासूबाई कठड्याला धरून रेवसच्या दिशेला बघत बसल्या. मग म्हणाल्या, "रामदास बोट इथेच कुठेतरी गेली."

17 जुलै 1947. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. गटारी अमावास्येचा दिवस होता, घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. "अमावास्या," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. मला वाटलं, अशुभ दिवस म्हणून म्हणतायत. त्यांच्या मनात पाणी होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

बोट उशिरा सुटली. अलिबागला पोचेपर्यंत एक वाजून गेला, आणि म्हणूनच कुलाबा किल्ला मिळाला. किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंतची वाट ओहोटीला उघडी पडते. त्या दिवशी ती पूर्ण कोरडी नव्हती, मध्ये गुडघ्याएवढं पाणी होतं. घोडागाडीतून गेलो. आत गोड्या पाण्याची विहीर आणि गणपतीचं देऊळ. तासाभरात परत. शीटमध्ये कुलाबा अकरा वाजता लिहिला होता, अकराला गेलो असतो तर तिथे पाणीच पाणी मिळालं असतं. पण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. 'बघ, उशीर झाला तरी जमलं' म्हणून मी खूष.

रेवदंड्यात रस्ता थेट पोर्तुगीज तटबंदीतून जातो. समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं, आणि तो एक म्हणजे आपण. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. इथल्या दीपगृहाजवळून किल्ल्यावर चढता येतं, पायऱ्या दमवतात पण वीसेक मिनिटांचं काम आहे. किल्ल्यापेक्षा मला खालचं गाव जास्त नवलाचं वाटतं. पोर्तुगीज इथून 1740 मध्ये गेले, तरी गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं घरात अजून पोर्तुगीजमधून उतरलेली एक बोली बोलतात. तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. किराणाच्या दुकानात दोन बायका ती बोलत होत्या. आम्ही पाण्याची बाटली मागितल्यावर त्याच तोंडाने झकास मराठी सुरू झाली.

मुरूडला अंधारात पोचलो. मासे ताजे होते, गादी कडक होती.

दुसरा दिवस: मुरूड ते हरिहरेश्वर

कार्तिकी एकादशी. सासूबाईंचा उपास, आमचा नाही.

राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होड्यांसाठी सुट्टीची गर्दी होती. शिडाच्या होड्या, त्यात माणसं खचाखच. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, ही त्या बांधणीतली गंमत. सिद्दींचा हा किल्ला कुणालाही जिंकता आला नाही. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं तेव्हा मामला संपला. कलालबांगडी तोफेपाशी फोटोंची रांग होती. किल्ल्यावर मिळतो जेमतेम पाऊण तास, आणि होडीवाला घाई करतो. समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधलेला. तो नुसता लांबून पाहिला.

आगरदांड्याची बोट पंधरा-वीस मिनिटांची. दिघीला उतरून दिवेआगर. तिथल्या एका घरगुती खानावळीत सासूबाईंना साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ मिळाले, आम्हाला मोदक. 'एकादशीला मोदक खाता?' असं त्यांनी विचारलं नाही, पण बघितलं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला लागून जाणारा रस्ता या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा आहे, आणि रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्याचं कौतुक करणाऱ्यांशी मी त्यावरून भांडायला तयार आहे. रस्ता कधी पाण्याच्या पातळीवर, कधी डोंगराच्या कुशीत. वाड्यांमध्ये मात्र जागोजागी मोकळं आभाळ दिसतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे नावाजलेली सुपारी. पण पोफळीचं रोप लावल्यावर हातात सुपारी यायला बरीच वर्षं लागतात. एका वाडीत जुनी उंच झाडं मोजकीच उभी होती आणि त्यांच्या मधल्या जागेत कमरेएवढी रोपं. मालकीणबाईंना "किती गेली?" विचारलं तर त्यांनी आकडा न सांगता हात नुसता आडवा फिरवला.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते गुहागर

या दिवसाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझी शीट इथे बुडाली.

हरिहरेश्वराला देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं आणि मग समुद्राच्या कडेने, लाटांनी कोरलेल्या खडकांवरून चालत परत यायचं. सासूबाईंची ही एकच मागणी होती. शीटमध्ये लिहिलं होतं: सकाळी 8, प्रदक्षिणा, 1 तास.

आठ वाजता आम्ही पायऱ्या उतरलो आणि खाली वाटच नव्हती. जिथून चालायचं तिथे लाट येऊन कड्यावर आपटत होती. सूचनेचा फलक स्पष्ट आहे: भरतीच्या वेळी जाऊ नये, इथे माणसं वाहून गेलेली आहेत. मी मोबाइल काढला, पण रेंज नव्हती. शेजारी सासूबाई बोटं मोजत होत्या.

"आज बारस. बारा पाऊण नऊ. नऊला पूर्ण भरती. तीनला सुकेल."

म्हणजे काय, ते त्यांनी पायरीवर बसून नातवाला समजावलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून. भरतीच्या सहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. चंद्र रोज जितका उशिरा उगवतो तितकीच भरतीही उशिरा येते, एवढं त्यामागचं गणित. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या आसपास ते काटकोनात ओढतात म्हणून भांग. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कुलाब्याच्या वाटेत गुडघाभर पाणी का होतं, ते मला तेव्हा कळलं. दशमी होती, भांग नुकताच सरत होता.

"आई, तुम्हाला हे येत होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस? तू किलोमीटर विचारत होतीस."

तीनपर्यंत थांबलो असतो तर प्रदक्षिणा झाली असती, पण दाभोळची शेवटची बोट गेली असती. मग दाभोळहून गुहागरला चिपळूणवरून फेरा, शंभराहून जास्त किलोमीटर, रात्रीचा, घाटातला. निर्णय मी घेतला: निघायचं. सासूबाईंनी देवाला बाहेरूनच हात जोडले. गाडीत बसल्यावर अर्धा तास त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही.

बागमांडल्याला गाडी बोटीत उलटी चढवायला सांगितली. म्हणजे रिव्हर्समध्ये उतार उतरत पाण्याकडे जायचं, मागे बोटीचा एक पोरगा "येऊ दे, येऊ दे, डावी मार" ओरडतोय, आणि आरशात फक्त खाडी. नवऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला. शेजारी अपुऱ्या राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. पलीकडे वेसवी, बाणकोट आणि मग वेळास. हे नाना फडणवीसांचं गाव, आता कासवांसाठी प्रसिद्ध. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. नोव्हेंबरात तिथे फक्त सुरूची बनं आणि शांतता असते. पिल्लं बघायची असतील तर सगळी सहल त्या महिन्यांतच ठेवावी लागते. दोन्ही साधत नाही.

केळशीच्या गल्ल्यांबद्दल सावध करते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढीच जागा. डाव्या आरशावर एक ओरखडा आम्ही तिथून आणलाय. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती केला, हर्णैला सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला. खाली मासळीचा लिलाव रंगात आलेला. मुलाला तिथून हलवायला वीस मिनिटं लागली.

दाभोळला सूर्य खाली आला होता. बोट धक्क्याला लागलेली, आमच्या पुढे तीन गाड्या. मिळाली. शेवटच्या फेरीच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतात, त्या इंटरनेटवरून घेऊ नका, त्याच दिवशी फोन करून विचारा. खाडीच्या मध्यावर आल्यावर सासूबाई सकाळनंतर पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. त्यांच्या लहानपणी इथे 'तर' होती, म्हणजे खाडी ओलांडायची नाव, वल्ह्यांची. मुंबईची बोट बाहेर समुद्रात थांबायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, बकऱ्या, सगळं उतरवायचे. "आणि पडावात कधी बसायचं, ते पाणी ठरवायचं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण तारवाची वेळ कॅलेंडरवरून बघायचे."

गुहागरला मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात तुळशीचं लग्न लागत होतं. बारस ना! अंतरपाट धरलेला, ऊस बांधलेले, वृंदावनाला ताजा गेरू. कुणीतरी आमच्या हातात अक्षता दिल्या आणि आम्ही चपलांसकट वऱ्हाडी झालो. मंगलाष्टकं संपल्यावर चुरमुरे, आवळा, चिंच. जेवायला कुळथाचं पिठलं आणि भाकरी. सासूबाईंनी निघताना वृंदावनातली तुळशीची मंजिरी मागून घेतली आणि रुमालात बांधली.

चौथा दिवस: गुहागर ते रत्नागिरी

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर शीट उघडली आणि वेळांचा रकाना पुसून टाकला. त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते, म्हणजे सव्वानऊपर्यंत तिथे हवं. शीटमध्ये ती दुपारी दोनला होती. दोनला गेलो असतो तर खडकातली एक कोरडी भेग बघून आलो असतो.

उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात ही अरुंद घळ आहे. लाट आत शिरते, पुढे जायला जागा नसते म्हणून वर उसळते. आधी आतून घुमल्यासारखा आवाज, मग पाणी. आम्ही गेलो तेव्हा दीड पुरुष उंचीचा फवारा होता. पावसाळ्यातले व्हिडिओ बघून जाणाऱ्यांचा थोडा अपेक्षाभंग होईल, कारण नोव्हेंबरात समुद्र निवलेला असतो. आम्हाला तो पुरला. कड्याच्या टोकाशी मात्र उभं राहू नये, कातळ शेवाळलेला असतो. हेदवीचा दशभुजा गणेश वाटेतच.

तवसाळ-जयगड ही आमची पाचवी बोट. तोवर नवरा तरबेज झाला होता आणि बोटीवरच्या पोराला उलट सूचना देत होता. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. 1866 साली जन्मलेल्या कवीचं घर आणि शाळा सुटल्यासारखा शांत परिसर. सासूबाईंनी पडवीत 'तुतारी'च्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. गणपतीपुळ्याला वाहनतळापासूनच रांग होती, म्हणून कळसाला नमस्कार करून पुढे गेलो. आरे-वारे सुंदर आहे, वर लिहिलंय ते तरीही मागे घेत नाही.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा उभा राहिला 1910 च्या सुमारास आणि राजा वारला 1916 मध्ये. इतकी वर्षं वाट बघून मिळालेल्या घरात सहा वर्षं. मुक्काम शहरातल्या एका हॉटेलात. त्यांनी आगाऊ घेतलेली खोली दुसऱ्यालाच दिली होती आणि आम्हाला गच्चीखालची उबट खोली मिळाली. सलग घरगुती मुक्कामांनंतर हॉटेल घेतलं, ही माझी चूक.

पाचवा दिवस: रत्नागिरी ते कुणकेश्वर

भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड. इथून खाली पूल आहेत, बोटींची धाकधूक संपते आणि सडे सुरू होतात. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पावसात हिरवंगार, कार्तिकात सोनेरी गवताचं. त्याच्या कडेला उभं राहिलं की खाली खाडी, माड आणि वस्ती, आणि वर मैलोगणती काही नाही.

त्या 'काही नाही'मध्ये कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलाय, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात लहान प्राणी, मासे, पक्षी. जवळून काहीच कळत नाही, नुसत्या खाचा दिसतात. मुलाने चप्पल काढून कडेकडेने चालत बाह्यरेषा शोधली, मग ओरडला, "सोंड!" त्या एका शब्दानंतर सगळा हत्ती दिसला. कोकणातली ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावं, तिरप्या उन्हात खाचा उठून दिसतात. आम्ही बाराला पोचलो होतो, तरी मिळाला हत्ती. खाली गावात कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे एक.

तिथून निघाल्यावर पंक्चर. सड्यावर, भर उन्हात, रेंज नाही. स्टेपनी होती पण तिच्यात हवा नव्हती. निघायच्या आधी चार टायरांची हवा तपासली होती, पाचव्याची नाही. शीटमध्ये 'स्टेपनी' असा रकाना नव्हता. पाऊण तासाने चिऱ्यांचा एक ट्रक आला. चालकाने आमचं चाक आणि नवरा दोघांनाही वर घेतलं, आडिवऱ्याच्या दिशेने गेला, आणि दोन तासांनी दोन्ही परत आले. त्याने पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी जबरदस्तीने राजगिऱ्याचे लाडू दिले.

पुढे विजयदुर्ग खाडीपलीकडे अगदी समोर, आणि रस्ता मात्र आत शिरून वळसा घालून जातो. पोचलो तेव्हा सूर्य बुरुजांना टेकला होता. तीन तटांचा हा किल्ला आंग्र्यांचा बालेकिल्ला. 1756 मध्ये क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी तो घेतला. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. आत 'साहेबाचे ओटे' दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच हेलियमचा शोध लावला, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. त्याने सूर्यावरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो ऑक्टोबरात, तिथूनच. ते ग्रहण बघायला भारतात आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. मी हे मुलाला सांगितल्यावर मार्गदर्शक थोडा नाराज झाला, पण ग्रहण इथे दिसलं होतं हे मी लगेच मान्य केलं.

कुणकेश्वरला रात्री साडेआठला. दमलेलो होतो, मला फक्त झोप हवी होती. सासूबाई साडी बदलून तयार. "आज वैकुंठ चतुर्दशी."

हरी आणि हर भेटतात तो दिवस. विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहायची, वर्षातून एकदाच. त्यांनी रुमाल सोडला, त्यात गुहागरची मंजिरी, सुकलेली पण शाबूत. देवळात त्यांनी ती पिंडीवर वाहिली आणि मग प्रदक्षिणा घालायला लागल्या. देवळाला लागूनच समुद्र, चतुर्दशीचा चंद्र डोक्यावर, भरती चढत होती. किती घातल्या ते मोजलं नाही. मी तिसऱ्यानंतर पायरीवर बसले. परत आल्यावर म्हणाल्या, "झालं. तिकडचं इकडे फेडलं."

सहावा दिवस: कुणकेश्वर ते देवबाग

मिठबाव, आचरा, मालवण. आचऱ्याच्या रामेश्वराच्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्यांची तयारी चालली होती.

सिंधुदुर्गला होडीने. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला पाया घातला गेला. आत अजून माणसं राहतात, आणि खारट समुद्राच्या मधोमध दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरी गोड्या. महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत तिथे सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मालवणात जेवण: तिसऱ्या, बांगडा, सोलकढी. याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण तोंडाला पाणी सुटून लेख लांबेल.

पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणून सव्वापाचला ओहोटी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात. उधाणाची ओहोटी, म्हणजे वाळूही भरपूर. सासूबाईंच्या हिशोबावर आम्ही पाचला होडीत बसलो. होडीवाला हसला.

"आजये, पाणी साडेचारांकच सुकला. आता भरती लागली."

दांडा निम्मा उरला होता. आम्ही उतरलो, मुलाने शंख गोळा केले, आणि अर्ध्या तासात घोट्याला पाणी लागल्यावर होडीवाल्याने हाकारा घातला. सासूबाई गप्प. रात्री रेंज मिळाल्यावर मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणात पाणी मुंबईपेक्षा पाऊण-एक तास आधी चढतं. चढतंही कमी, उधाणाला मुंबईत चार-पाच मीटरचा फरक पडतो तर इथे दोनेक मीटरचा. पाऊणपटीचा नियम वरच्या कोकणाचा. मी त्यांना हे सांगितलं.

"दाभोळात बरोबर होतं," त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

सातवा दिवस: देवबाग ते रेडी

कर्लीच्या मुखावर गाडी नेणारी बोट नाही, म्हणून आत चौके, धामापूर, नेरूरपारचा पूल. ज्याला आम्ही नाइलाजाचा वळसा समजलो त्यात धामापूरचा तलाव निघाला: 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यात डोंगर उलटा. तासभर बसलो. शीटमध्ये त्याचं नाव नव्हतं.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आणि बाजारात काजू. शिरोड्याला 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं रस्त्यावरून दिसतात. रेडीला द्विभुज गणपती, 1976 मध्ये खाणीत सापडलेला. मूर्ती सहा फुटांच्या आसपास, आणि देवळाभोवती अजून लाल खनिजाची धूळ.

परतीबद्दल. सात दिवसांची सहल म्हणजे आठ दिवसांची रजा, हे कुणीच आधी सांगत नाही. सावंतवाडीहून मुंबई महामार्गाने पाचेकशे किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी वाटेत काही बघायचं ठरवू नये. आंबोलीवरून कोल्हापूर-पुण्याचा रस्ता किलोमीटरने थोडा लांब पण कमी थकवणारा. आम्ही तोच घेतला.

पण त्याआधी, संध्याकाळी, तेरेखोलपर्यंत गेलो. किल्ला खाडीच्या अलीकडे आहे तरी गोव्याचा. खाली नदी, पलीकडे केरी, आणि मध्ये एक फेरीबोट. नवऱ्याने गाडी बंद केली आणि आरशात बघत म्हणाला, "चढवू का?" आठवड्याभरापूर्वी घामाघूम झालेला हाच माणूस.

मुलगा मागून हिशोब करत होता. "आज प्रतिपदा. एक पाऊण पाऊण. म्हणजे पावणेएकला भरती. त्यातून इकडचा एक तास वजा, पावणेबारा. म्हणजे पावणेसहाला ओहोटी. बरोबर ना आजी?"

आजी गाडीत नव्हत्या. त्या केव्हाच उतरून खाली घाटावर गेल्या होत्या आणि जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारत होत्या, "तुमच्याकडे पाणी कधी सुकतं हो?"